शॉटगन, चोक आणि काडतुसे: अमेरिकेत शिकारीला निघालेल्या मराठी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत स्थायिक झालेली किंवा नोकरीनिमित्त तेथे राहणारी काही मराठी मंडळी ऑफिसातल्या सहकाऱ्यांबरोबर, शेजाऱ्यांबरोबर किंवा मुलांच्या हट्टापायी शिकारीकडे वळतात आणि दुकानात गेल्यावर काउंटरवर मांडलेल्या बंदुका व काडतुसांच्या खोक्यांच्या भिंती पाहून गोंधळून जातात. पुढील उत्तरे अशा नवशिक्यांसाठी आहेत. नियम राज्यागणिक आणि हंगामागणिक बदलतात, त्यामुळे परवाना काढताना मिळणारी त्या वर्षीची नियमपुस्तिका नेहमी शेवटचा शब्द मानावी.

ही माहिती भारतात उपयोगी पडेल का?

नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. पिकांचे नुकसान करणाऱ्या प्राण्यांबाबत सरकारी परवानगीची जी प्रक्रिया आहे ती शिकारीची हौस भागवण्यासाठी नाही. आजोबांच्या बारा बोअरच्या आठवणी कितीही रम्य असल्या, तरी येथील सगळे विवेचन अमेरिकेपुरतेच आहे.

मी एच-१बी व्हिसावर आहे. मला बंदूक जवळ बाळगता येते का?

हा प्रश्न मराठी मंडळींकडून सर्वांत जास्त येतो. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक आणि काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. मात्र या मनाईला काही अपवाद आहेत आणि त्यांपैकी एक म्हणजे अमेरिकेतील एखाद्या राज्याने रीतसर दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. परवान्याची मुदत संपली की अपवादाचे छत्रही जाते, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. म्हणून हंगाम संपला तरी परवान्याच्या तारखेवर डोळा ठेवावा लागतो. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नसते. याखेरीज राज्यांचे आपापले नियम असतात; उदाहरणार्थ इलिनॉयमध्ये बंदूक बाळगण्यासाठी वेगळे ओळखपत्र लागते. इमिग्रेशनची फाइल चालू असेल तर खरेदीपूर्वी वकिलाला एक फोन करण्यात कंजूषी करू नये. परवान्यासाठी बहुतेक राज्यांत हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, आणि तो नुसता उरकण्याऐवजी मन लावून करावा.

निवडीची सुरुवात कोठून करावी?

बहुतेक जण बंदुकीपासून सुरुवात करतात, मग तिला शोभेल असे काडतूस घेतात आणि चोकचा (नळीच्या तोंडाशी केलेल्या आकुंचनाचा) विचार झालाच तर सर्वांत शेवटी करतात. हा क्रम उलटा असायला हवा. आधी कोणता पक्षी किंवा प्राणी आणि तो किती अंतरावर मिळणार हे ठरवावे. त्यावरून छर्ऱ्याचा धातू आणि आकार ठरतो, त्यावरून चोक ठरतो आणि हे सगळे ज्यातून नीट उडेल अशी, आपल्या अंगाला बसणारी बंदूक मग शोधावी. ब्रँडचा क्रमांक यानंतर लागतो.

१२, २० आणि २८ गेज यांत फरक काय? कोणते घ्यावे?

आपल्याकडे ज्याला बारा बोअर म्हणतात तेच येथील १२ गेज. एक पौंड शिशापासून नळीच्या व्यासाएवढ्या १२ सारख्या गोळ्या होत असतील, तर ती नळी १२ गेजची. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. १२ गेजचा व्यास साधारण १८.५ मिलिमीटर, २० गेजचा १५.६ मिलिमीटर आणि २८ गेजचा १४ मिलिमीटर असतो. ‘फोर-टेन’ हा मात्र गेज नसून .४१० इंच हा नळीचा प्रत्यक्ष व्यास आहे.

नेहमीच्या काडतुसांत १२ गेजमध्ये १ ते १½ औंस, २० गेजमध्ये ⅞ ते १ औंस आणि २८ गेजमध्ये ¾ औंस छर्रे असतात. बारीक नळीच्या गेजचे छर्रे हळू जातात असा एक गैरसमज आहे. प्रत्येक छर्रा जवळजवळ तेवढ्याच वेगाने जातो, फक्त छर्ऱ्यांची संख्या कमी असते. त्यामुळे दूरच्या अंतरावर फैलावात भोके पडतात आणि पक्षी त्या भोकांतून निसटतो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, एखादा छर्रा अंगात घेऊन जखमी उडून जातो.

पहिली आणि एकमेव बंदूक घेणार असाल तर १२ गेजच घ्यावी. तिच्यात होल्यापासून हरणापर्यंत सगळ्यासाठी काडतुसे मिळतात, तीही गावोगावच्या दुकानांत. खांद्याला धक्का सोसत नसेल किंवा दिवसभर रान तुडवायचे असेल तर २० गेज उत्तम. फोर-टेन मुलांसाठी सोपी, असे म्हणून ती त्यांच्या हाती दिली जाते. प्रत्यक्षात इतक्या थोड्या छर्ऱ्यांनी उडता पक्षी पाडणे मुरलेल्या शिकाऱ्यालाही अवघड जाते. मुलाला हलक्या काडतुसांसह २० गेजची अर्ध-स्वयंचलित (सेमी-ऑटो, म्हणजे प्रत्येक बारानंतर पुढचे काडतूस आपोआप भरणारी) बंदूक द्यावी.

पंप, सेमी-ऑटो की दुनळी?

पंप बंदूक, म्हणजे पुढची मूठ मागेपुढे ओढून पुढचे काडतूस भरायची बंदूक, स्वस्त, दणकट आणि चिखलपाण्याला न घाबरणारी असते. रेमिंग्टन ८७० आणि मॉसबर्ग ५०० ही त्यांची सर्वांत परिचित नावे. सेमी-ऑटोत गॅसवर (बाराच्या वायूच्या जोरावर) चालणाऱ्या बंदुका धक्का मऊ करतात, पण त्यांची साफसफाई जास्त करावी लागते. इनर्शियावर (बंदुकीच्या धक्क्याच्या जोरावर) चालणाऱ्या बंदुका स्वच्छ राहतात, पण हलक्या काडतुसांवर कधी अडतात. दुनळीत नळ्या एकावर एक असोत वा शेजारी-शेजारी, दोन नळ्यांना दोन वेगळे चोक लावता येतात आणि बंदूक मोडून उघडली की ती निर्धोक आहे हे शेजाऱ्यालाही दुरून दिसते. कुत्र्यांमागे पाच-सहा जण रांगेने चालत असताना हा गुण फार मोलाचा ठरतो.

बदके, होले, वुडकॉक अशा स्थलांतरित पक्ष्यांसाठी संघीय नियमाने बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसे मावता कामा नयेत. त्यासाठी मॅगझिनमध्ये (काडतुसे साठवायच्या नळीत) एक लाकडी किंवा प्लास्टिकची दांडी बसवतात, जिला प्लग म्हणतात. जुनी बंदूक विकत घेताना प्लग आत आहे की नाही हे तपासावे. वॉर्डनचा (शिकारीचे नियम पाळले जातात का हे पाहणाऱ्या अधिकाऱ्याचा) पहिला प्रश्न बहुधा तोच असतो.

बंदूक अंगाला बसते म्हणजे नेमके काय?

रायफलने नेम धरतात. शॉटगन मात्र नजर पक्ष्यावर ठेवून चालवायची असते, तेव्हा मागचा साइट (नेम धरायची खूण) म्हणजे तुमचा डोळाच. बंदूक खांद्याला लावल्यावर डोळा नळीच्या वरच्या पट्टीच्या मधोमध, किंचित वर आला पाहिजे. दुकानात परीक्षा सोपी आहे. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून घ्यावी, मग डोळे मिटून बंदूक खांद्याला लावावी, गाल दस्त्यावर टेकवावा आणि डोळे उघडावे. पट्टी तिरकी दिसली, डोळा उजवीकडे-डावीकडे गेला किंवा पट्टीऐवजी बंदुकीचा मागचा भागच दिसू लागला, तर ती बंदूक तुमची नाही.

अमेरिकेतील बहुतेक दस्ते चापापासून मागच्या टोकापर्यंत सुमारे १४¼ इंचांचे असतात. आपल्यातील अनेकांना, विशेषतः साडेपाच फुटांच्या आतील स्त्री-पुरुषांना, ते लांब पडतात. जाड जाकीट घातल्यावर दस्ता काखेत अडकतो आणि पक्षी गेल्यावर बंदूक खांद्याला लागते. ‘कॉम्पॅक्ट’ किंवा ‘युथ’ मॉडेल घेण्यात कमीपणा वाटून घेऊ नये. काही उत्पादक दस्त्याची लांबी बदलता येईल अशा चकत्या देतात, त्या वाढत्या वयाच्या मुलांसाठी सोयीच्या.

प्रबळ डोळाही तपासावा. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या विजेच्या खांबावर बोट धरावे आणि एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने पाहताना बोट खांबावरच राहते तो प्रबळ. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा डावा डोळा प्रबळ असेल तर बंदूक डाव्या खांद्याने शिकणे सोपे जाते, आणि ते आरंभीच ठरवलेले बरे.

काडतुसाच्या आत काय असते, आणि खोक्यावरचे आकडे कसे वाचावे?

एखादे काडतूस उभे चिरलेले पाहिले की सारे उलगडते. तळाशी पितळी टोपी, तिच्या मध्यभागी दारू पेटवणारा प्रायमर. त्यावर चिमूटभर वाटावी इतकी दारू. तिच्यावर प्लास्टिकची फुलासारख्या पाकळ्यांची वाटी, म्हणजे वॅड. आणि वाटीत दाटून भरलेले छर्रे. वरचे तोंड घडी घालून मिटलेले असते. बार उडाला की वाटी छर्ऱ्यांना घेऊन नळीतून बाहेर पडते, हवेत तिच्या पाकळ्या उघडतात आणि ती मागे पडते. छर्रे एकमेकांपासून सुटून पुढे जातात.

खोक्यावर गेज, काडतुसाची लांबी, छर्ऱ्यांचे वजन औंसांत, छर्ऱ्यांचा नंबर आणि वेग फूट प्रति सेकंदात लिहिलेला असतो. लांबी ही बार उडाल्यानंतरची, तोंड उघडल्यावरची असते. म्हणूनच तीन इंची काडतूस पावणेतीन इंची चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) बसल्यासारखे वाटते, पण त्याचे तोंड उघडायला जागा नसते आणि दाब धोक्याच्या पातळीवर जातो. नळीवर कोरलेली लांबी वाचल्याशिवाय काडतूस भरू नये.

छर्ऱ्यांचे नंबर उलटे का चालतात?

नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक. १७ मधून नंबर वजा केला की व्यास इंचाच्या शंभराव्या भागात मिळतो. ६ नंबरचा छर्रा म्हणून ०.११ इंच, म्हणजे सुमारे २.८ मिलिमीटर, ४ नंबरचा ०.१३ इंच आणि २ नंबरचा ०.१५ इंच. त्यापुढे अक्षरे येतात: बीबी ०.१८ इंच आणि टी ०.२० इंच. एक औंस शिशात ६ नंबरचे सुमारे २२५ छर्रे मावतात, ७½ नंबरचे ३५० आणि ४ नंबरचे १३५. पक्ष्याच्या अंगात पुरेसे खोल जाईल इतका मोठा छर्रा, पण फैलाव भरगच्च राहील इतके पुरेसे छर्रे, या दोन गोष्टींचा तोल सांभाळायचा असतो. नवशिके बहुधा गरजेपेक्षा मोठा छर्रा घेतात.

शिसे, पोलाद, बिस्मथ, टंगस्टन: कोणते कधी?

शिसे जड, मऊ आणि स्वस्त. परंतु तळ्याच्या तळाशी पडलेले छर्रे बदके खड्यांसोबत गिळतात आणि शिशाच्या विषबाधेने मरतात. म्हणून अमेरिकेत १९९१ च्या हंगामापासून बदके, हंसवर्गीय पक्षी आणि कूट नावाचे पाणपक्षी यांच्या शिकारीत देशभर शिशाला बंदी आहे. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून कोणत्याही वन्य प्राण्याच्या शिकारीत शिशाला परवानगी नाही. डाकोटा भागातील संघीय वॉटरफाउल प्रॉडक्शन एरियात (पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या जागांत) फेझंट या रानकोंबड्यासारख्या पक्ष्यासाठीही बिनविषारी छर्रेच लागतात.

शिशाची घनता सुमारे ११, पोलादाची ७.८, बिस्मथची ९.६ आणि टीएसएस नावाने विकल्या जाणाऱ्या टंगस्टन मिश्रणाची सुमारे १८. पोलाद हलके असल्याने त्याचा वेग लवकर ओसरतो. त्यामुळे शिशाच्या तुलनेत दोन नंबर मोठा छर्रा घ्यायचा, हा जुना नियम आजही चालतो. शिशाचा ४ चालत असेल तेथे पोलादाचा २. बिस्मथ शिशाच्या जवळ जाते आणि मऊ असल्याने जुन्या बंदुकांना सोसते, पण महाग पडते. टीएसएसची किंमत पाहून माणूस आधी एकदा खाली बसतो. टर्कीसाठी वर्षाला दोन-तीन बार उडवायचे असतील तर ते परवडते, होल्यांसाठी कदापि नाही.

बदकांच्या शिकारीत शिशाचे काडतूस नुसते जवळ असणे हाही नियमभंग आहे. फेझंटच्या शिकारीनंतर जाकिटाच्या खिशात राहिलेले शिशाचे एकच काडतूस पुढच्या आठवड्यात पाणथळीवर महागात पडते. धातूगणिक वेगळ्या रंगाच्या पिशव्या ठेवल्या की घोळ होत नाही.

चोक म्हणजे काय?

नळीच्या तोंडाशी केलेले किंचित आकुंचन. बागेच्या पाइपाचे तोंड दाबले की पाण्याची धार जशी लांब आणि बारीक होते, तसे चोकने छर्रे जास्त अंतरापर्यंत एकत्र राहतात. हे आकुंचन अगदी अल्प असते: १२ गेजमध्ये इम्प्रूव्ह्ड सिलिंडरला सुमारे ०.०१० इंच, मॉडिफाइडला ०.०२० इंच आणि फुलला ०.०३५ इंचांच्या आसपास. सिलिंडरमध्ये आकुंचन नसतेच.

मापनाची रूढ पद्धत अशी की ४० यार्डांवर, म्हणजे सुमारे ३६.५ मीटरवर, ३० इंच व्यासाच्या वर्तुळात किती टक्के छर्रे पडतात ते पाहायचे. शिशाच्या छर्ऱ्यांत सिलिंडर सुमारे ४०, इम्प्रूव्ह्ड सिलिंडर ५०, मॉडिफाइड ६० आणि फुल ७० टक्के देतो. आजकालच्या बंदुकांत चोक आट्यांनी बसवतात आणि किल्लीने बदलतात. नळीत चोक न बसवता किंवा सैल ठेवून कधीही बार काढू नये, कारण आटे फाटतात. बंदूक रिकामी असल्याची खात्री केल्याशिवाय चोकला हातही लावू नये.

पोलादी छर्ऱ्यांना कोणता चोक वापरावा?

पोलाद कठीण असल्याने नळीतून जाताना चेपत नाही आणि गोल राहून घट्ट फैलाव देते. त्यामुळे शिशाला जो चोक लागतो त्याच्यापेक्षा एक पायरी मोकळा चोक पोलादाला घ्यावा. मॉडिफाइडमधून पोलाद जवळजवळ फुलसारखे वागते. मोठ्या पोलादी छर्ऱ्यांसाठी फुल चोक बहुतेक वेळा अनावश्यक असतो आणि चोकवर तसे स्पष्ट लिहिलेले नसेल तर धोक्याचाही. जुन्या, पातळ नळीच्या आणि कायमच्या फुल चोकच्या दुनळीतून पोलाद उडवल्यास तोंडाजवळ नळी फुगते. बाहेरून हात फिरवल्यावर बांगडीसारखा उंचवटा हाताला लागतो. अशा वारसाहक्काने मिळालेल्या बंदुकांना बिस्मथ वापरावे, आणि त्याआधी बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडून तपासणी करून घ्यावी.

खोक्यावर सगळे लिहिलेले असताना कागदावर चाचणी का करायची?

कारण एकाच कारखान्याच्या, एकाच मॉडेलच्या दोन बंदुका एकच काडतूस वेगवेगळे फेकतात. चोकवर कोरलेले नाव ही फक्त अपेक्षा असते.

चार फूट बाय चार फुटांचा कोरा कागद चौकटीवर ताणावा, मधोमध मुठीएवढा काळा ठिपका काढावा, ४० यार्डांवर उभे राहून त्यावर एक बार काढावा. मग कागद उतरवून छर्ऱ्यांच्या सर्वांत दाट भागाभोवती ३० इंच व्यासाचे वर्तुळ काढावे आणि पेनाने एकेक भोक खूण करत मोजावे. १¼ औंस, ६ नंबर शिशाच्या काडतुसात सुमारे २८० छर्रे असतात; त्यांपैकी १७० वर्तुळात पडले तर तो मॉडिफाइडचा फैलाव. मोजणे संपल्यावर खरे पाहायचे ते मोकळ्या जागांकडे. फेझंटच्या धडाएवढा पुठ्ठा कापून घ्यावा आणि तो कागदावर सरकवत न्यावा: जेथे पुठ्ठ्याखाली चारपेक्षा कमी भोके येतात तेथून पक्षी जखमी होऊन निसटणार, हे दिसू लागते. एका कागदावर विसंबू नये, किमान तीन तरी उडवावेत, कारण प्रत्येक बार थोडा वेगळा पडतो. दाट भाग ठिपक्याच्या सतत डावीकडे किंवा खाली पडत असेल तर दोष चोकचा नसून दस्त्याचा किंवा चाप हिसकण्याच्या सवयीचा असतो.

शेवटी, तुम्ही प्रत्यक्ष ज्या अंतरावर बार काढता त्या अंतरावरही हीच चाचणी करावी. पंचवीस यार्डांवर फुल चोकने उडवलेला कागद एकदा पाहिला, की जवळून उडणाऱ्या लाव्यावर तो का वापरू नये हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

फेझंटसाठी काय वापरावे?

साउथ डाकोटाचा राज्यपक्षी असलेला हा फेझंट मूळचा आशियातला, एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आणून सोडलेला. तेथे दिवसाला तीन नर मारता येतात, माद्यांना संरक्षण आहे. पक्षी मोठा, शेपटी लांब आणि पिसारा दाट. त्यातच तो बहुधा सरळ पाठ करून उडतो, म्हणून छर्ऱ्याला खोल जाण्याची ताकद हवी.

ऑक्टोबरात, हंगामाच्या आरंभी, पक्षी कुत्र्याच्या नाकाखालून वीस-पंचवीस यार्डांवर उठतात. तेव्हा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर आणि शिशाचा ५ किंवा ६ नंबर, १¼ औंस. डिसेंबरात उरलेले नर शहाणे झालेले असतात. गाडीचे दार आपटल्याचा आवाज आला तरी शेताच्या दुसऱ्या टोकाने निघून जातात. तेव्हा मॉडिफाइड आणि ४ किंवा ५ नंबर. पोलाद सक्तीचे असेल तेथे ३ किंवा २ नंबर घ्यावा. दुनळीत पहिल्या नळीला इम्प्रूव्ह्ड सिलिंडर आणि दुसरीला मॉडिफाइड ही जोडी कधी चुकत नाही.

मक्याच्या आणि ज्वारीच्या शेतात रांग धरून चालायचे आणि शेताच्या टोकाला काही जणांनी अडवायला उभे राहायचे, ही तेथील पद्धत आपल्या हाक्याशी मिळतीजुळती आहे आणि हाक्याचे धोकेही तिच्यात तेच आहेत. पक्ष्याखाली आकाश दिसल्याशिवाय बार नाही. खाली उडणाऱ्या पक्ष्यापलीकडे माणूस किंवा कुत्रा असतो. सूर्याकडे उडणारा पक्षी काळा दिसतो, गळ्याची पांढरी कडी ओळखू येत नाही, अशा वेळी तो जाऊ द्यावा.

होले, लावे, ग्राउझ यांसारखे लहान पक्षी?

होल्यांचा हंगाम अनेक राज्यांत १ सप्टेंबरला सुरू होतो आणि टेक्सासमध्ये तो एखाद्या सणासारखा साजरा होतो. मिशिगनमध्ये मात्र ही शिकार बंद आहे. पक्षी नाजूक, पण वाऱ्यावर वळणे घेत वेगाने जाणारा. ७½ किंवा ८ नंबर, एक औंस, इम्प्रूव्ह्ड सिलिंडर. उंचावरून जात असतील तर मॉडिफाइड. काडतुसे भरपूर न्यावीत, कारण एका होल्यामागे अनेक बार खर्ची पडणे ही सर्वांचीच रीत आहे.

बॉबव्हाइट लावा पायाशी उठतो, तेथे २० किंवा २८ गेज, ८ नंबर आणि सिलिंडर किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मेन येथील दाट झाडीतला रफ्ड ग्राउझ डोळ्यांसमोर क्षणभर दिसतो आणि झाडामागे नाहीसा होतो; तेथे मोकळा चोक, ७½ नंबर आणि आखूड, हलकी बंदूक यांपलीकडे काही लागत नाही.

बदके आणि कॅनडा गूज?

येथे शिसे वर्ज्य आणि १६ वर्षे व त्यावरील प्रत्येकाला संघीय डक स्टॅम्प आवश्यक. हा स्टॅम्प १९३४ पासून चालू आहे आणि त्याचा पैसा पाणथळींच्या संरक्षणात जातो. डिकॉयवर (पाण्यात ठेवलेल्या बनावट बदकांवर) पंख पसरून उतरणारी बदके पंचवीस-तीस यार्डांवर असतात. त्यांना पोलादाचा ३ किंवा ४ नंबर आणि इम्प्रूव्ह्ड सिलिंडर पुरतो. हिवाळ्यातील जाड पिसांच्या मॅलार्ड बदकांना २ नंबर आणि मॉडिफाइड. कॅनडा गूज या मोठ्या हंसवर्गीय पक्ष्याला बीबी किंवा १ नंबर आणि मॉडिफाइड.

साठ-सत्तर यार्डांवरून जाणाऱ्या थव्यावर बार टाकत राहणारे लोक प्रत्येक तळ्यावर भेटतात. त्यांच्या हातून पक्षी पडत नाहीत, जखमी मात्र होतात, आणि शेजारच्यांची सकाळ वाया जाते ती वेगळी.

टर्की?

पक्ष्यांत टर्की ही एकच शिकार अशी आहे जिथे शॉटगन जवळपास रायफलसारखी वापरतात. पक्षी उभा असताना डोके आणि मान यांवरच बार टाकायचा, धडावर नाही. म्हणून घट्ट फैलाव हवा: टर्कीसाठीचा एक्स्ट्रा-फुल चोक, शिशाचा ४, ५ किंवा ६ नंबर, आणि अंतर ४० यार्डांच्या आत. आपल्या अंतरावर दहा इंच वर्तुळात शंभर छर्रे पडले पाहिजेत, हा शिकाऱ्यांचा प्रचलित निकष आहे. टीएसएसमध्ये ९ नंबरचा इवलासा छर्राही पुरेसा खोल जातो, त्यामुळे २० गेज आणि फोर-टेनही येथे कामाच्या ठरतात. घट्ट फैलावात थोडा नेम चुकला तरी सगळेच चुकते, म्हणून नळीच्या टोकावरच्या साध्या मण्याऐवजी साइट किंवा रेड डॉट (लाल ठिपक्याचा साइट) बसवणे फायद्याचे.

अंगावर लाल, पांढरे किंवा निळे काही दिसू देऊ नये. नर टर्कीच्या डोक्याचे रंग तेच असतात. टर्कीच्या आवाजाच्या दिशेने लपतछपत जाऊ नये, तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याचा असू शकतो.

ससे आणि खारी?

६ नंबर, मॉडिफाइड, २० गेज. एवढे पुरे.

शॉटगनने हरीण मारता येते का?

येते, आणि दाट वस्तीच्या मध्य-पश्चिमी राज्यांत कित्येक वर्षे तीच सक्ती होती, कारण रायफलची गोळी फार दूर जाते. आता ओहायोने २०१४ पासून सरळ भिंतीच्या (तोंडाशी एकदम निमुळत्या न होणाऱ्या) काडतुसांच्या रायफलींना आणि इलिनॉयने २०२३ पासून काही एकबारी रायफलींना मुभा दिली आहे. तरीही स्लगवर भिस्त ठेवणारे पुष्कळ आहेत.

स्लग म्हणजे काडतुसात छर्ऱ्यांऐवजी एकच जड गोळी. गुळगुळीत नळीसाठी फॉस्टर किंवा ब्रेनेके पद्धतीचा स्लग वापरावा आणि चोक इम्प्रूव्ह्ड सिलिंडर ठेवावा. टर्कीच्या घट्ट चोकमधून स्लग उडवू नये. नुसत्या मण्यावर पन्नास-साठ यार्ड, रायफलसारखे साइट असतील तर शंभरापर्यंत. आतून पीळ असलेल्या नळीसाठी प्लास्टिकच्या खोळीतले सॅबो स्लग मिळतात, ते दुर्बिणीसह दीडशे यार्डांपर्यंत नेमके जातात. गुळगुळीत नळीतून हेच महागडे सॅबो उडवणे म्हणजे पैसे पाण्यात, कारण फिरत न ठेवल्यास ते कलंडतात.

बकशॉट, म्हणजे हरणासाठीच्या मोठ्या छर्ऱ्यांचे काडतूस, दक्षिणेतील दलदलींत काही ठिकाणी चालतो, अनेक राज्यांत हरणासाठी बंद आहे. पावणेतीन इंची काडतुसात ‘डबल-ऑट’चे साधारण नऊच मोठे छर्रे असतात; तीस यार्डांपलीकडे त्यांचा भरवसा धरू नये.

साडेतीन इंची मॅग्नम काडतुसे घ्यावीत का?

गूजच्या मोठ्या पोलादी छर्ऱ्यांसाठी एखाद्याला पटतील. बाकी सर्वांसाठी तीन इंची पुरेशी आहेत. जबर धक्क्याने माणूस चाप ओढण्यापूर्वीच दचकू लागतो, आणि ती सवय सुटता सुटत नाही.

काडतुसांच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका कोणता?

१२ गेजच्या बंदुकीत चुकून २० गेजचे काडतूस जाणे. ते चेंबरमधून घसरून नळीत अडकते, बंदूक रिकामी वाटते. त्यामागे १२ चे काडतूस भरून बार काढला की नळी फुटते, नेमकी डाव्या हाताच्या बोटांपाशी. म्हणूनच २० गेजची काडतुसे पिवळ्या रंगाची असतात. घरात दोन्ही गेज असतील तर दोन्हींची जाकिटे वेगळी ठेवावीत. बार नेहमीपेक्षा मंद, ‘फुस्स’ असा वाटला तर लगेच थांबून, बंदूक रिकामी करून नळीतून आरपार पाहावे. वॅड अडकलेला असू शकतो.

हंगामानंतर भारतात जाताना काय काळजी घ्यावी?

अमेरिकेतील देशांतर्गत विमानप्रवासात बंदूक रिकामी, कुलूपबंद कठीण पेटीत, चेक-इन सामानात आणि काउंटरवर घोषित करून नेता येते; काडतुसांसाठी विमान कंपन्यांची मर्यादा बहुधा ११ पौंड असते. भारताच्या प्रवासाची गोष्ट अगदी वेगळी. शिकारीची पाठपिशवी किंवा जाकीट तेच घेऊन मुंबईला जाणाऱ्यांच्या सामानात विसरलेले एखादे जिवंत काडतूस सापडले, तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, आणि ‘चुकून राहिले’ हे विमानतळावर नव्हे, कोर्टात सांगावे लागते. शिकारीची पिशवी प्रवासाला वापरूच नये. वापरावी लागलीच तर प्रत्येक कप्पा उलटा करून झटकावा, अस्तराच्या फाटलेल्या शिवणीत बोट घालून पाहावे आणि उडवलेले रिकामे टरफलही आत राहू देऊ नये.